पापड-पाणी

ईश्वरीबाईने मुलांना शाळेत घातलं त्या दिवशी तिची खोली खाटभर लांब झाली. कल्याणच्या कँपात, जुन्या लष्करी बराकीत, गोणपाटाच्या दोन पडद्यांमधली ती खोली. सकाळी चुलीपाशी बसून हात लांब केला की खिडकी हाताला लागायची. संध्याकाळी मुलं शाळेतून आली तेव्हा खिडकी चांगली पलीकडे सरकली होती. मुलं पाट्या घेऊन तिकडे उजेडात जाऊन बसली.

बाईला नवल वाटलं, पण फार नाही. फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरच्या घराला कुलूप घालून ती निघाली, नवरा बोटीवर चढायच्या आधीच कराचीच्या बंदरात तापाने गेला. त्यानंतर नवल कशाचं वाटून घ्यायचं, हेच तिला कळेनासं झालं होतं. तिने उडदाचं पीठ तिंबलं आणि पापड लाटायला घेतले. त्यावरच घर चालत होतं. दहा वर्षांची गोपी आणि तिच्या पाठचा जेठो, दोघांनी शिकावं एवढंच तिचं मागणं होतं. शिकून दोघं आपलीच राहावीत हेही होतंच, पण ते कुणी मागून घेतं का?

खोली वाढतच राहिली. पडद्यापलीकडच्या कुंदनबाईने आधी भांडण काढलं, मग आपली जागा तसूभरही कमी झाली नाही हे पाहून गप्प बसली. कँपचा एक साहेब टेप घेऊन आला. खोलीबरोबर टेपही लांब होत गेली, त्यामुळे माप जेवढ्यास तेवढं भरलं. साहेब चहा पिऊन खुशीत गेला.

रविवारी खोली वाढत नसे. मुलं गोवराने घरी पडली तेव्हा तर ती थोडी आखडली होती. म्हणजे काय ते ईश्वरीबाई समजली. मुलांना खिडकीपासून चुलीपर्यंत यायला आता इतका वेळ लागे की रोट्या गार होत. पापड लाटता लाटता ती मान वर करी, तर लांब उजेडात दोन डोकी तेवढी दिसत.

"तिकडे आहे तरी काय?" तिने एकदा विचारलं.

"वारा असतो, अम्मां," गोपी म्हणाली. "फरशी गार आहे. धूर तिथवर येत नाही."

ईश्वरीबाईला ती फरशी पायाने चाचपून पाहावीशी वाटली. पण चूल सोडून जायचं कसं?

मग एका संध्याकाळी तिच्या हातून चूक झाली. चूक कसली, हाताची सवय. गोपी लांबून चालत आली, तोंड उन्हाने लाल झालेलं. शिकारपुरात असं कुणी दारात आलं की आधी भाजलेला पापड आणि पाणी. जेवणातला पापड घरच्यांचा, पण हा दारातला पापड पाहुण्याचा. बाईने निखाऱ्यावर पापड भाजला, पेला भरला आणि पोरीपुढे धरला.

गोपी खाटेच्या कडेला बसली. पापड जपून, चुरा न सांडता खाल्ला. पाणी प्याली. मग पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला आणि म्हणाली, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

पोरगी जन्मल्यापासून आईला 'तू' म्हणत आली होती. थोडा वेळ बसून गोपी उठली, बरं वाटलं म्हणाली, आणि आली तशी चालत गेली.

"घरच्या लेकराला कुणी पापड-पाणी करतं का, अदी?" कुंदनबाई पडद्यातून बहिणीच्या नात्याने म्हणाली. "आठ दिवस शाळा बंद ठेव. खोली येईल जाग्यावर."

ईश्वरीबाईने ऐकलं. दुसऱ्या दिवशी मुलांना पाठवलं नाही. दुपारपर्यंत खिडकी जवळ आली, संध्याकाळी हाताला लागली, गोपी पुन्हा 'तू' म्हणू लागली. बाईला इतका आनंद झाला की तिने दोघांना कुशीत ओढलं. पण खोली थांबेना. भिंती आत येत राहिल्या, पडदे पाठीला टेकले. मुलांनी न सांगता गुडघे पोटाशी घेतले आणि माना खाली घातल्या. कराचीहून येताना बोटीत ती दोघं अशीच बसली होती, तीन दिवस, बापाबद्दल एक शब्द न विचारता.

"अम्मां, आता कुठे जायचं?" जेठोने विचारलं. हेही त्याने बोटीतच विचारलं होतं.

सकाळी तिने स्वतःच्या हाताने दोघांच्या पाट्या पुसल्या, केस विंचरले आणि त्यांना शाळेत सोडून आली. येऊन पाहते तर खोली अशी सुटली होती की खिडकी दिसतच नव्हती. तिकडून गार वारा तेवढा येत होता.

संध्याकाळी मुलं शाळेतून आली आणि पाट्या घेऊन त्या वाऱ्याच्या दिशेने दिसेनाशी झाली. मग तिने चूल विझवली. पोळपाट, लाटणं आणि पिठाचा गोळा फडक्यात बांधला आणि आपल्याच खोलीतून चालायला लागली. कुंदनबाईचा आवाज मागे पडला, चूल मागे पडली. मातीची जमीन संपून फरशी लागली. खरंच गार होती. तिला पुढे काय काय असेल याची पोरासारखी उत्सुकता वाटू लागली आणि तिने पाऊल उचललं.

शेवटी खिडकी आली. जेठो मोठ्याने काहीतरी वाचत होता आणि न अडखळता वाचत होता. आपण सांगितलं तरी तो आता थांबायचा नाही, हे तिला कळलं आणि बरं वाटलं. मध्ये एक उंबरठा होता. हा खोलीत कधी नव्हता. ईश्वरीबाई त्याच्या अलीकडे थांबली.

गोपीने वर पाहिलं, पाटी बाजूला ठेवली, लगबगीने आत गेली आणि बाहेर आली. तिच्या एका हातात भाजलेला पापड होता, दुसऱ्या हातात पेला. इतकं चालून ईश्वरीबाईला तहान तर लागलीच होती.