गेंदीचे दोन घास

माझ्या सासऱ्यांना, अभिमन आबांना, मटणाचा वाससुद्धा चालत नसे. गळ्यात माळ, तोंडी मुक्ताई आणि आम्हा बायकांच्या चुलीवर सतत नजर. कांदा वाटला तरी पाटा दोनदा धुवायला लावत. अशा माणसाचा जीव लढाईच्या सालात आमच्या कुत्रीने वाचवला.

गेंदी वावराची राखण करायची. रोज संध्याकाळी आबा भाकरीचा पहिला तुकडा तिला हाताने भरवत, मग आपण जेवत. त्या दिवशी ते केळीच्या बागेत पाण्याची दारं धरून वाकले होते. रानडुक्कर थेट त्यांच्या अंगावर आलं आणि गेंदी मध्ये पडली. आबांना खरचटलंही नाही. तिची मांडी मात्र फाटली. खूप रक्त गेलं.

त्यानंतर ती वावरातल्या खोपीत पडून राहिली. भाकरी-ताकाला तोंड लावेना. आबा दाराशी येत, बघत आणि माघारी जात. मला राहवेना. मी आमच्या ह्यांना चोपड्याच्या बाजारात पिटाळलं आणि टोपलीभर ताजं मटण आणवलं. आबांना कळलं, पण त्यांनी टोपली बाहेर काढायला लावली नाही. भरलेली टोपली बघून मला वाटलं, आता ही उठलीच! तिने जेमतेम दोन तुकडे गिळले आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

शेजारच्या वावरातली भिकुबाई मूठभर वाळलेलं मटण घेऊन आली.

"इतलंसं?" मी फटकन म्हणाले. "चिमनीले खावाडनं शे का?"

भिकुबाई रागावली नाही. "कमल, तू उन्हाळामा टोपलंभर गवार वाळाडस. मांगे कितली ऱ्हास?"

"मूठभर."

"मंग हाई बी तसंच शे. पानी जास, जोर ऱ्हास. तिले दोनच घास जातस. त्या दोन घासमा पानी कसाले भरस?"

जन्मभर वाळवणं घातली मी, आणि एवढं कळू नये! मला माझंच हसू आलं. भिकुबाईच्या पाया पडावंसं वाटलं. कुणी न बोलावता ती आली होती. तिने ते मटण कुटलं आणि कोमट पाण्यात घट्ट कालवलं.

पण गेंदी आता तोंडच उघडेना. मी चुचकारलं, भिकुबाईने चुचकारलं. दात घट्ट मिटलेले. मला रडू फुटलं. तेवढ्यात आबा आत आले आणि खाली बसले. त्यांनी वाटीसाठी हात पुढे केला.

"आबा, माळ तरी काढी ठेवा," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे गळामा. मुक्ताईले बी दिसू दे, मी कोनले खावाडस."

त्यांनी बोटांवर घास घेतला आणि भाकरीचा तुकडा धरत तसाच तिच्या नाकाशी धरला. गेंदीने हुंगलं. तोंड उघडलं. एक घास गेला. मग दुसरा.

पुढे काही दिवसांनी ती लंगडत का होईना, केळीत फिरायला लागली. भिकुबाईचे आणि त्या मुक्या जिवाचे उपकार आमच्या घरावर आहेत, ते फिटायचे नाहीत. पण मला आठवते ती खोपीतलीच संध्याकाळ. वाटी रिकामी झाली तशी मी लगबगीने हात धुवायला पाण्याचा तांब्या पुढे केला.

"थांब," आबा म्हणाले. "आधी तिले चाटू दे."