काकूंच्या ड्युटीतली पाचवी डिस्क

डिस्क बंद पडायची ती काकूंच्याच ड्युटीत. दीड महिन्यात चार पडल्या, चारही त्यांच्या दिवशी. हॉस्पिटलच्या तळघरात आमचा लिनक्स सर्व्हर आहे, सगळे एक्स-रे त्याच्यावर. आत सहा डिस्क आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारं एक कार्ड, रेड कंट्रोलर. एक डिस्क गेली तर बाकीच्या सांभाळून घेतात, दोन एकदम गेल्या की कारभार आटोपला.

ड्युटी आम्ही तिघं आळीपाळीने करतो. काकू त्यातल्याच एक. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागल्या, अजून कायम झालेल्या नाहीत. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, पाचवी पडली की काकू घरी. मीही मान डोलावली होती. बाई मला जरा धांदरट वाटायच्या, आणि दुसऱ्याला धांदरट म्हणायला आपलं काय जातं?

सोमवारी पाचवी पडली.

"एकदा नीट तपास," साहेब मला म्हणाले, "उगाच मागाहून कोणी नावं ठेवायला नको."

काढलेल्या पाचही डिस्क मी दुसऱ्या मशीनला जोडल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहिल्या. पाचही ठणठणीत. मग सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. ताण आला की कंट्रोलर तापत होता, उत्तर द्यायचं बंद करत होता आणि खापर डिस्कवर फोडत होता. हे कसब आमच्या खात्यात नवीन नाही.

"कंट्रोलर खराब आहे," मी सांगितलं.

"असेल. पण तो काकूंच्याच दिवशी बरा तापतो?"

काकू दारातच उभ्या होत्या. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं. ड्युटी संपताना बॅकअप घ्यायचा असतो. सगळ्या डिस्क दोन तास एकदम वाचल्या जातात, सर्व्हरला एवढा ताण एरवी येत नाही. तो संपेपर्यंत थांबायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम. तिघांच्याही सह्या आपापल्या दिवशी होत्या.

"बॅकअप फक्त काकूच घेतात," मी म्हणालो. "आम्ही दोघं नुसती सही करून घरी जातो."

काकू दारातून आत आल्या.

"महिनाभर घरी सांगतेय मी, माझ्या हाताला यशच नाही म्हणून."

त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि माझ्या सह्यांवर बोट ठेवत मोजायला लागले. सातवर पान संपलं, तेव्हा ते थांबले.

मी हात पुढे केला आणि मागचं पान उलटून दिलं.