तुरुंगाबाहेरचं बाकडं

मुलाला सात वर्षांची शिक्षा झाली, त्या दिवसापासून मिस्त्रींनी त्याचं नाव टाकलं. दारूच्या नशेत भांडण झालं, त्याने एकाला ढकललं आणि तो माणूस पायरीवर डोकं आपटून गेला.

मिस्त्री नावाजलेले सुतार. दारं-खिडक्या बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आता त्यांना कोणी बोलावेना. तोंडावर सगळे गोडच बोलत, "सध्या नको मिस्त्री, पुढं बघू." दार बसवायचं म्हणजे माणूस चार दिवस घरात वावरणार, आणि खुन्याच्या बापाला घरात कोण घेणार?

सून दवाखान्यात साफसफाईला होती. तिच्याबरोबर डबा खाणाऱ्या बाया हळूहळू दुसऱ्या खोलीत बसू लागल्या. तिने तेही गिळलं. दर महिन्याला ती एकटीच तुरुंगात भेटीला जायची. परतली की मिस्त्री विचारायचे, "बस वेळेवर मिळाली का?" मुलाबद्दल अवाक्षर नाही. ती मग भाजी चिरता चिरता भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची, "खोकला कमी आहे. शिवणकाम शिकतोय म्हणे." मिस्त्री उठून जात नसत.

तुरुंगाच्या फाटकाबाहेर पत्र्याची एक शेड होती. तिथं एक बाई कैद्यांच्या घरच्यांना अर्ज लिहून द्यायची, त्यांच्या पोरांच्या शाळेसाठी खेटे घालायची. सगळे तिला मावशी म्हणत. एकदा सून म्हणाली, "बाबा, मावशींनी विचारलंय, एक बाकडं करून द्याल का? बाया तान्ही पोरं घेऊन तीन-तीन तास उभ्या असतात."

मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "केवढं लांब हवंय?"

वर्षभर धूळ खात पडलेली हत्यारं बाहेर निघाली. बाकडं असं उतरलं की हात फिरवला तर कुसळ लागणार नाही. भेटीच्या दिवशी ते पोचवायला मिस्त्री स्वतःच टेम्पोत चढले. अंगात इस्त्रीचा सदरा होता. सुनेने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

बाकडं शेडमध्ये ठेवून दोघं फाटकाशी गेली. शिपायाने यादीवरून बोट फिरवलं. "बायकोचं नाव आहे. वडिलांचं नाही."

"मी बाप आहे त्याचा."

"असाल हो. पण नावं कैदीच देतो. त्याने तुमचं दिलेलं नाही."

सून एकटी आत गेली. मिस्त्री शेडमध्ये येऊन बाकड्याच्या कडेला टेकले. मावशीने न विचारता चहा आणून ठेवला. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "तुमचं कोण आत?"

"मुलगा." वर्षभरात हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

"माझे दोन आहेत," म्हातारी म्हणाली आणि त्यांना नीट बसता यावं म्हणून सरकली.

बाबा बाहेर बसलेत, असं आत सुनेने सांगितलं तेव्हा काचेपलीकडे नवऱ्याची मान खाली गेली. "मला वाटलं, ते यायचेच नाहीत. नाव लिहून रोज वाट कशाला बघायची?"

मावशीने अर्ज केला, नाव यादीत चढलं. पण पुढच्या भेटीला आठवडा उरला असताना त्याला दूरच्या तुरुंगात हलवलं. दीड दिवसाचा प्रवास, दोन गाड्या बदलायच्या. मिस्त्रींच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. मावशीने पुन्हा धावपळ करून फोनची परवानगी मिळवली. पाच मिनिटं.

एका दुपारी फोन वाजला. सुनेने तो मिस्त्रींच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दोन्हीकडून कोणी बोलेना. वेळ चालला होता.

"जेवलास का?" मिस्त्रींनी शेवटी विचारलं.

"हो, बाबा."

"पांघरायला आहे ना?"

"आहे. बाबा, मी तेव्हा..."

"असू दे," मिस्त्री म्हणाले. "असू दे आता."

तेवढ्यात पाच मिनिटं संपली आणि फोन कटला. मिस्त्रींनी तो कानापासून खाली घेतला नाही. थोड्या वेळाने सुनेनेच हात पुढे केला.

"आवाज बारीक झालाय त्याचा," ते म्हणाले.