बारा क्रमांकाची वाहिनी

महाविद्यालयाच्या अंतर्गत दूरचित्रवाणीवर बारा क्रमांकाच्या वाहिनीला एक प्रेक्षक होता. तो सकाळी असे, दुपारी असे, दिवाळीच्या सुट्टीतही असे. ती वाहिनी आपण पाहतो, असे मात्र कोणीही सांगत नव्हते.

"कोन पाह्यते जी हे?" प्रयोगशाळा परिचर बकाराम पडद्यावर वाकून म्हणाले. "मले तं वाटते, मॅडमच पाहून राह्यल्या असन."

गजेंद्र टेंभरे हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "मेलेला माणूस नेटवर्कवर मागणी पाठवत नाही, बकाराम."

"मंग जित्ता मानूस दाखवा ना सर. तुमी तं सायन्सवाले."

टेंभरे भौतिकशास्त्र शिकवत आणि महाविद्यालयाची दूरचित्रवाणी सांभाळत. वसतिगृहे, वाचनालय, खानावळ अशा सर्व ठिकाणच्या टीव्हींना इंटरनेटच्या तारेने कार्यक्रम जात. प्रत्येक टीव्हीखाली एक लहान काळी पेटी असे. ती पेटी मुख्य संगणकाकडे वाहिनी मागे आणि संगणक ती पाठवी. कोणत्या वाहिनीला किती मागणी आहे, हे टेंभऱ्यांच्या टेबलावरील पडद्यावर दिसे. बाराव्या वाहिनीवर ललिता टेंभरे यांची प्राणिशास्त्राची व्याख्याने एकामागून एक लागत, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. ललिता ही त्यांची पत्नी. ती गेली त्याला दुसरे वर्ष लागले होते.

चित्रीकरण त्यांनी स्वतःच केले होते. गोड्या पाण्यातील माशांच्या व्याख्यानात ती मध्येच थांबते, कॅमेऱ्याच्या थोडे वर पाहते आणि म्हणते, "पंखा बंद करा ना जी, आवाज येऊन राह्यला." तेवढा तुकडा कापायचा राहून गेला होता. नंतर त्यांनी तो कापला नाही.

दुपारी प्राचार्य ईश्वरदास प्रयोगशाळेत आले. ते मूळचे गोंदिया शहरातले. महत्त्वाचे काही बोलायचे असले की हिंदीत बोलत.

"टेंभरेजी, पोलीस भरती के क्लास के लिए चॅनल चाहिए. बच्चे मांग रहे हैं. आपका सर्वर तो बारह से ज्यादा लेता नहीं."

"नाही घेत."

"बारह नंबर का क्या करें?" प्राचार्यांनी टेबलावरची चुंबकपट्टी उचलली आणि परत ठेवली. "देखो, एक भी बच्चा सच में पढ़ रहा हो, तो मैं नहीं हटाऊंगा. ललिताजी का मान मुझे भी है. बस मुझे एक नाम दे दो. कल तक."

टेंभऱ्यांनी मान हलवली. मागणी पाठवणारी पेटी कुठे आहे, हे त्याच पडद्यावर कळत असे. वाहिनीपुढच्या 'एक' या आकड्यावर कळ दाबली की पेटीची जागा उघडे. इतक्या महिन्यांत त्यांनी ती कळ दाबली नव्हती. पहिल्या वर्षाच्या मुलांनी मोजमाप न तपासता उत्तर लिहिले, तर ते त्यांचे गुण कापत.

कळ दाबण्याऐवजी ते प्राणिशास्त्राच्या वर्गाकडे गेले. मुर्रीहून सायकलने येणारी नीतू पटले ही तिसऱ्या वर्षाची मुलगी व्हरांड्यात डबा खात बसली होती. ती घाईने उठली.

"बस, बस. बारा नंबर पाहता का कोणी?"

"नाई सर." मग तिला आणखी काही बोलावेसे वाटले. "आमचा सिलॅबस बदलला ना. मॅडमचं ते जुनं आहे. माझी दीदी पाह्यत होती. ते पंख्याचं आलं का साऱ्या पोरी हासत, म्हने." ती एकदम थांबली. "तसं नाई सर. चांगलं हासत."

"हसण्यासारखंच आहे," टेंभरे म्हणाले.

परत येऊन त्यांनी कळ दाबली. मुलींचे वसतिगृह, तळमजला, सामाईक खोली.

वसतिगृह मैदानाच्या पलीकडे होते. चालताना आपण भरभर चालत आहोत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी वेग कमी केला. एखादी मुलगी असेल. जुन्या अभ्यासक्रमात अडकलेली, पुन्हा परीक्षेला बसणारी. तिचे नाव विचारायचे आणि परत यायचे. एवढेच काम होते.

अधीक्षिका दामिनी मेश्राम दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. "या सर. आज इकडे रस्ता चुकले?"

"सामाईक खोलीत टीव्ही कोण पाहतं, बाई?"

"टीव्ही?" दामिनीबाईंनी सूप बाजूला ठेवले. "टीव्ही कुठं आहे सर? मागच्या पावसाळ्यात वीज पडली, तवाच जळला. दुरुस्तीले नेला, तो अजून येऊनच राह्यला."

खोलीत भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा कमी मळलेला चौकोन होता. खालच्या फळीवर काळी पेटी होती आणि तिचा हिरवा दिवा चालू होता. शेजारी पाण्याचा फिल्टर होता. दोन मुली बाटल्या भरत होत्या.

"ही पेटी चालू कशी?"

"बोर्ड एकच आहे ना जी. बटन बंद केलं का फिल्टर बंद. मंग पोरी माझ्या नावानं ओरडतात. म्हनून कोनी हातच लावत नाई."

"टीव्ही जळला तेव्हा काय लागलं होतं?"

दामिनीबाईंनी उत्तर देण्याआधी त्यांच्याकडे पाहिले. "मॅडमचंच लागलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपर होता. पोरी इथंच चटईवर बसल्या होत्या, सगळ्या फायनलच्या. त्या पास होऊन गेल्या आता." बाटल्या भरणाऱ्या मुली निघून गेल्यावर त्यांनी आवाज खाली केला. "काऊन सर, काई झालं का?"

टेंभऱ्यांनी सांगितले. फार शब्द लागले नाहीत.

"मंग माझं नाव सांगा ना. दामिनीबाई पाह्यतात म्हना. कोन इथं तपासाले येते?"

"तुम्ही पाहता का?"

"नाई."

"मग कसं सांगू?"

टेंभरे खाली वाकले, फिल्टरची पिन तशीच राहू दिली आणि पेटीची काढली. दिवा विझायला क्षणभर लागला. उभे राहून त्यांनी प्राचार्यांना फोन लावला.

"मिला नाम?"

"नाही. भरतीचे वर्ग उद्यापासून लावता येतील."

"कोई तो होगा, टेंभरेजी?"

"कारण सापडलं आहे, सर."

कारण असे होते. पडद्यावरचा आकडा माणसे मोजत नव्हता, वाहिनी मागणाऱ्या पेट्या मोजत होता. पेटीला वीज मिळत राहते तोवर ती वाहिनी मागत राहते; टीव्ही जोडलेला आहे की नाही, हे तिला कळत नाही. वीज जाऊन परत आली की ती शेवटी लावलेली वाहिनीच पुन्हा मागते. शेवटची वाहिनी बारावी होती, कारण त्या दिवशी मुली ललिताचे व्याख्यान ऐकत होत्या. त्यानंतर ती वाहिनी कोणीही पाहिली नव्हती.