चित्रातला रिकामा बाक

मित्रांनो, जपानमधल्या एका छोट्या बंदराच्या चढावर बसथांब्याशेजारी जो करड्या फळ्यांचा बाक दिसतो ना, तो मी. वय झालं आहे, पण पाय अजून भक्कम आहेत.

मला तोकुजी सुताराने घडवलं. तो होड्या बांधायचा. त्याची बायको फुमिए सुक्या मासळीची टोपली पाठीवर घेऊन हा चढ चढायची आणि बस येईपर्यंत धापा टाकत उभी राहायची. ते त्याला बघवेना. मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या त्याने तासल्या आणि मला इथे आणून ठेवलं. फुमिए पहिल्यांदा बसली तेव्हा मला धन्य वाटलं. पुढे सगळं गावच माझ्यावर टेकायला लागलं. शाळकरी पोरं संत्री सोलत, बायका सुनांची उणीदुणी काढत. माझा दिवस कसा जाई ते कळतही नसे.

मग एका ॲनिमे, म्हणजे रेखाटलेल्या चित्रांच्या, चित्रपटात मी आलो. शेवटच्या दृश्यात नायिका निघून जाते आणि समुद्रासमोर मी एकटाच उरतो. झालं! ती जागा प्रत्यक्ष पाहायला लांबलांबून तरुण मंडळी यायला लागली. येतात, मला वाकून नमस्कार करतात, फोनमधलं त्या दृश्याचं चित्र समोर धरून नेमक्या त्याच जागेवरून फोटो काढतात. वस्तीच्या मंडळाचे प्रमुख इवामोतो तर हरखून गेले. "आपल्या बाकाने गावाचं नाव काढलं!" असं ते भेटेल त्याला सांगत. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो होतो.

पण चित्रात बाक रिकामा आहे, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

फुमिए आता म्हातारी झाली आहे. तिचे गुडघे गेले आहेत. तोकुजी शेजारच्या गावी वृद्धांच्या शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळला आहे. दुपारच्या बसने ती त्याला भेटायला जायची. तिने भरवल्याशिवाय तो धड जेवत नाही.

एकदा ती माझ्यावर बसलेली असताना फोटो काढायला दोन मुली आल्या.

"अगंबाई, मध्ये आले का मी?" फुमिए गडबडीने उठली.

"नाही नाही आजी, बसा ना! आम्हाला काही घाई नाही."

"छे गं! एवढ्या लांबून आलात. काढा फोटो."

"नको आजी, तुमची बस जाऊ दे, मग काढू."

मुली अदबीने बाजूला उभ्या राहिल्या. आपल्या उठण्याची कुणी वाट पाहतंय म्हटल्यावर फुमिए बसेल कशी? तीही थांब्याच्या खांबाला धरून उभीच. एकमेकींना वाकून वाकून तिघी दमल्या, आणि मी मधोमध मोकळा! हसावं की रडावं कळेना. त्या दिवसापासून ती कधी बसलीच नाही. आमच्या गावची भीड अशीच आहे. दुसऱ्याला त्रास नको म्हणून माणसं स्वतःचे हाल करून घेतात.

त्यात इवामोतोंनी मला जपण्यासाठी भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली, 'कृपया बसू नये.'

"फुमिएबाई, ही पाटी पाहुण्यांसाठी हं. तुम्ही खुशाल बसा," ते म्हणाले.

"वा! म्हणजे या म्हातारीला वेगळा कायदा? लोक काय म्हणतील?" ती हसली. "आणि उभं राहिलं की भूक चांगली लागते."

ती थट्टा होती. तिचे पाय थरथरत होते, ते मला दिसत होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बस उशिरा आली. उभी राहून राहून फुमिएचे पाय असे आखडले की तिला पायरी चढवेना. चालक हात द्यायला खाली उतरला. आतले लोक खोळंबलेले पाहून ती ओशाळली. "माझ्यापायी सगळ्यांना उशीर नको. जा तुम्ही," असं म्हणून तिने त्याला परत पाठवलं आणि खांबाखांबाला धरत घरी गेली. त्यानंतर ती आलेली नाही. दुपारची बस येते, दार उघडतं, मिटतं. तिकडे तोकुजी दाराकडे डोळे लावून असेल. मी काय करू? होडीची फळी होतो तेव्हा निदान हलत तरी होतो.

काल एक जोडपं आलं. त्यांनी रुमालाने मला पुसलं आणि फोटो जुळवून पाहिला. "किती छान जपलंय याला!" ती बाई म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, मला असं जपू नका. बाक माणसांच्या बसण्याने झिजतो, आणि त्यातच त्याचं आयुष्य असतं. फोटो जरूर काढा. पण शेजारी कुणी थकलेलं माणूस उभं दिसलं, तर आधी त्याला हाताला धरून बसवा. ते 'नको, नको' म्हणेल. ऐकू नका. मला ना हात, ना तोंड. तोंड असतं तर मी एवढंच म्हणालो असतो, "फुमिए, बस गं."