जाळी कोणी काढली

पुठ्ठे कापायच्या यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्या दिवसापासून बाइंडरने धाकट्या भावाचं नाव टाकलं. धाकट्याने न बघता खटका दाबला, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी, काम झटपट उरकावं म्हणून सकाळीच बाइंडरने स्वतः काढली होती, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, पाळकांनाही नाही.

नऊ वर्षं गेली. चर्चमध्ये हा पुढच्या बाकावर, धाकटा पार मागे. प्रार्थनेत क्षमेचा शब्द आला की बाइंडरला नेमका खोकला यायचा. "एकदा तरी बोला रे एकमेकांशी," म्हणत आईने जीभ झिजवली आणि शेवटी तशीच गेली.

तिच्या दफनानंतरच्या रविवारी, प्रभुभोजनाआधी पाळक नेहमीचंच म्हणाले, की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल, तर आधी त्याच्याकडे जा. आजवर बाइंडरला वाटायचं, हे धाकट्याला उद्देशून चाललंय. त्या दिवशी तसं वाटेना. तो उठला आणि सगळ्यांदेखत मागच्या बाकाशी गेला.

"जरा बाहेर ये."

पायऱ्यांवर आल्याबरोबर तो म्हणाला, "ती जाळी मी काढली होती."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "काढताना बघितलं होतं मी तुला."

"मग बोलला का नाहीस? लोकांनी तुला काय काय ऐकवलं!"

"तुझी बोटं गेली होती, दादा. वर तुझ्यावरच खापर फोडू? वाटलं, सांगशील तू कधीतरी."

बाइंडर म्हणाला, "मला क्षमा कर."

"ती केव्हाच केली. देवापुढे रोज करत आलो, एकदा करून भागत नव्हतं." धाकटा म्हणाला. "पण आईला सांगायला हवं होतंस. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, तुझ्यामुळे घर मोडलं, जाऊन थोरल्याची माफी माग. मी नुसतं 'हो' म्हटलं."

बाइंडर मटकन पायरीवर बसला. आत गीत सुरू झालं होतं. धाकटा त्याच्या शेजारी टेकला.

दुपारी दोघं आईच्या कबरीवर गेले. माती अजून बसली नव्हती. बाइंडरने टोपी काढली आणि अपघाताच्या दिवशीची सगळी हकिगत, काही न वगळता, मोठ्याने सांगितली. ऐकायला एकटा धाकटा होता.