अंबाडीची गाठ

पहाटे धुकं उतरलं की चतुराबाईला पुंजाजी दिसायचा. चार वर्षं झाली होती त्याला जाऊन, पण गडी सवयीचा पक्का. डोक्यावर शेणखताचं टोपलं घेऊन वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून यायचा, रिकामं करायचा अन् जवारीत विरून जायचा. "अजून एक टोपलं लागते वं," एवढंच बोलायचा. मेल्यावरही कामाचंच बोलणं! चतुराबाईला हसू यायचं, अन् मग जीव कालवायचा.

हिवरखेडच्या बाजारात तेव्हा त्यांच्या गावच्या गाठीच्या जवारीला मान होता. कणसात दाणा भरला की गावातले पाच जण एकेकाचं वावर अनवाणी फिरायचे, दाणा चावून पाहायचे. मग मालकाच्या तळहातावर त्याच्याच वावरातलं ढेकूळ ठेवून विचारायचे, काय टाकलं? शेणखत, राख, पालापाचोळा, एवढंच असलं तर त्या पाचांतलं कोणी पोत्याच्या तोंडाला अंबाडीची तिपेडी गाठ मारायचं. ना कागद, ना शिक्का. गाठ पाहून गिऱ्हाईक डोळे मिटून माल घ्यायचं.

चतुराबाईच्या पोत्याला ती कधी पडली नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर पुंजाजीनं पडीक मोडून हे दोन एकर केलं. वावर पिकायला लागलं अन् तो गेला. "एकडाव आपल्या पोत्याले गाठ पडली पाह्यजे," हेच त्याचं शेवटचं वेड. म्हणून पासष्ट साली तिनं पाचांना बोलावलं. गाठीसाठी अंबाडी स्वतः भिजवली, सोलली, वळून ठेवली.

आले चारच. पाचवे खुशालराव उन्हाळ्यात वारले होते, त्यांची जागा रिकामीच होती. पुढे मैनाबाई, सत्तरीची अन् तोंडाची फटकळ. चालता चालता ती एका तासापाशी, पेरणीच्या एका ओळीपाशी थांबली. बाकीच्या जवारीपेक्षा ते तास हातभर उंच, हिरवंगार.

"माय वं! याले काय खाऊ घातलं, चतुरे?"

पावसाळ्यात गावात पांढऱ्या खताच्या पुड्या फुकट वाटल्या होत्या. पाहू तर खरं, म्हणून चतुराबाईनं एक पुडी या तासाला भुरकली होती. आता एवढा मोह कोणाला होत नाही, सांगा बरं!

मैनाबाईनं ढेकूळ तिच्या हातावर ठेवलं. राख म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. धुऱ्यावर तो उभा होता, टोपलं खाली ठेवून, तिच्याकडे पाहत.

"पुडी टाकली, मैनाबाई," ती म्हणाली. "पांढरी. या एकाच तासाले."

"मंग औंदा गाठ नाही पडत," रामराव हळूच म्हणाले. ते त्या चौघांतले एक, मनानं मऊ, पण नियम तो नियम. चतुराबाई तिथंच ढेकूळ धरून रडली. धुऱ्यावर आता कोणी नव्हतं.

"रडणं झालं का?" मैनाबाई म्हणाली. "उद्या माह्या वावरात येजो. पाचवं माणूस लागते."

"पन इचीच जवारी बिनगाठीची..." रामराव चाचरले.

"हातावर माती असताना खरं बोलली नं? मले पाचव्यात तेच पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सत्तरीच्या मैनाबाईनं ढेकूळ घेऊन तळहात पुढे केला, अन् चतुराबाईनं विचारलं, "काय टाकलं?" "शेणखत अन् राख," मैनाबाई म्हणाली.

बाजाराच्या सकाळी मैनाबाईच्या पोत्याला चतुराबाईनंच गाठ मारली, स्वतः वळलेल्या अंबाडीची. तिचं स्वतःचं पोतं बाजूला साध्या सुतळीनं बांधलेलं होतं. बैलबंडी धुक्यात निघाली. चाकाच्या बाजूनं कोणीतरी चालत होतं, डोक्यावर टोपलं घेऊन.

"अजून एक टोपलं लागते वं."

"हो जी," चतुराबाई म्हणाली, "टाकीन."